देशी कुत्रा दत्तक घेताना: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

दत्तक गेलेलं पिल्लू परत येतं तेव्हा कारणं ठरलेली असतात. ‘घरमालक नको म्हणतो.’ ‘आईला झेपत नाही.’ ‘घरभर शू करतो.’ ‘आणल्यापासून आजारीच आहे.’ यातलं जवळपास प्रत्येक कारण कुत्रा घरी येण्याआधी कळू शकलं असतं, नाहीतर पहिल्या आठवड्यात टाळता आलं असतं. परत आणणारी माणसं वाईट नसतात. फोटो पाहून जीव गुंतलेला असतो, शनिवारी पिल्लू घरी येतं आणि सोमवारपासून डॉक्टर, सोसायटी, ऑफिसच्या वेळा हे सगळं एकेक करून आठवायला लागतं. क्रम उलटा झाला की शिक्षा कुत्र्याला होते.

हा लेख शहरातल्या फ्लॅटमध्ये देशी कुत्रा आणणाऱ्यांसाठी आहे. मांजराचं बरंच काही वेगळं असतं. जिथे जिवाचा धोका आहे तिथे मांजराचा उल्लेख केला आहे, बाकी विषय इथे नाही.

## १. फोटो पाहण्याआधी घरात बोलून घ्या

घरातल्या प्रत्येकाचा होकार हवा, आणि तो ‘बरं, आणा’ असा नको. सकाळी सहा वाजता खाली कोण नेणार? दुपारी कोण असतं? पिल्लू आजारी पडलं तर सुट्टी कोण काढणार? गणपतीला गावी गेल्यावर ते कुठे राहील? या प्रश्नांना नावानिशी उत्तरं मिळाली पाहिजेत. ‘बघू, होईल’ हे उत्तर आलं तर अजून वेळ झालेली नाही असं समजा. घरात दिवसभर असणारी व्यक्ती, बहुतेकदा आई, आजी किंवा कामाला येणाऱ्या मावशी, यांना शेवटी विचारलं जातं. त्यांना आधी विचारा. त्यांना कुत्र्याची भीती असेल तर ती खरी धरून चला.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्पष्ट होकारही चालेल, पण तोंडी नको. सोसायटीचं वेगळं आहे. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही रहिवाशांच्या पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. सामायिक जागेत कुत्रा पट्ट्यावर ठेवणं आणि त्याची शी उचलणं ही आपली बाजू. त्या सूचनांची प्रत काढून ठेवा, पण पहिल्याच दिवशी सेक्रेटरींच्या हातात देऊ नका. कुत्रा येण्याच्या आठवडाभर आधी शेजाऱ्यांना आणि वॉचमन काकांना सांगून ठेवलं की बहुतेक ठिकाणी प्रत दाखवायची वेळच येत नाही.

खर्चाचाही हिशोब करा. खाणं, लसी, जंताचं औषध आणि नसबंदी हे ठरलेले खर्च आहेत. त्याशिवाय पिल्लाला एकदा आठवडाभर सलाईन लावावं लागलं तर ते पेलवेल एवढी रक्कम बाजूला असू द्या.

तपासा: वाढदिवसाची भेट म्हणून, मुलाला शिस्त लागावी म्हणून किंवा आजोबांना सोबत म्हणून त्यांना न विचारता कुत्रा आणताय का? मग इथेच थांबा.

## २. पिल्लू की मोठा कुत्रा, हे आधी ठरवा

सगळ्यांना पिल्लू हवं असतं. माझं मत स्पष्ट आहे: घरातले सगळे कामावर जात असतील तर दोन महिन्यांचं पिल्लू घेऊ नका. त्याला दिवसातून चार वेळा खायला लागतं, जागेपणी तासा-दीड तासाला शूसाठी न्यावं लागतं, आणि एकटं ठेवलं की ते रडून घसा बसवून घेतं. दीड-दोन वर्षांचा, नसबंदी आणि लसी झालेला कुत्रा अशा घरात पुष्कळ लवकर रुळतो. त्याचा स्वभाव समोर दिसतो, आकार वाढायचा राहिलेला नसतो आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची धास्ती जवळपास संपलेली असते. ‘मोठा कुत्रा लळा लावत नाही’ हे बोलणं त्याला एकदा सांभाळून पाहिलेला माणूस करत नाही.

पिल्लूच हवं असेल तर वय किमान आठ आठवडे असू द्या. पाळीव कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधीच्या २०१७ च्या नियमांतही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे आणि दत्तक देतानाही हीच मर्यादा योग्य आहे. आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडलेलं पिल्लू किती जोरात चावायचं हे शिकलेलं नसतं. मग चार महिन्यांचं झाल्यावर ‘हा फार चावतो’ अशी तक्रार येते.

वय सांगणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, ओठ वर करून दात पाहा. सुईसारखे बारीक दात ओळीने आलेले असतील तर ते दुधाचे, म्हणजे पिल्लू सहा आठवड्यांच्या पुढे आणि साधारण चार महिन्यांच्या आत. पुढचे एक-दोन दात पडून जरा रुंद, पांढरेशुभ्र दात डोकावत असतील तर साडेतीन-चार महिने. सहा-सात महिन्यांपर्यंत सगळे पक्के दात येतात.

आणि दोन भावंडं एकदम नेऊ नका. ‘एकमेकांना सोबत होईल’ हा विचार चांगल्या मनाने केलेला असतो, पण अनुभव नसलेल्या घरात दोघं एकमेकांतच गुरफटतात, माणसांकडे लक्ष देत नाहीत आणि शी-शूची शिकवणी दुपटीहून अवघड होते. एक रुळू द्या, दुसऱ्याचा विचार वर्षाने.

## ३. कुठून घ्यायचं आणि काय विचारायचं

प्राणिसंस्था, दत्तक शिबिरं आणि घरी तात्पुरतं सांभाळणारे कार्यकर्ते, म्हणजे फॉस्टर करणारे, हे चांगले मार्ग. चांगली संस्था तुम्हालाच प्रश्न विचारते, घर पाहायला येते, ओळखपत्र मागते आणि अर्ज भरून घेते. याचा राग मानू नका. जो काहीही न विचारता पिल्लू हातात ठेवतो, त्याने त्याच्या लसीचाही विचार केलेला नसण्याची शक्यता जास्त.

तुम्ही हे विचारा: लसीचं पुस्तक कुठे आहे? (‘लस झाली आहे’ हे तोंडी ऐकून चालत नाही. पुस्तकात तारीख, लसीच्या बाटलीवरचं स्टिकर आणि डॉक्टरची सही हवी.) जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? भावंडांपैकी कोणी दगावलं का, आणि कशाने? सध्या काय खातो? कशाला घाबरतो? पटलं नाही तर परत घ्याल का? या शेवटच्या प्रश्नाला चांगली संस्था ‘हो, आमच्याकडेच आणा’ म्हणते.

रस्त्यावरून पिल्लू उचलणार असाल तर आधी आई शोधा. पावसाळ्यात पार्किंगमध्ये एकटी दिसणारी पिल्लं अनाथच असतात असं नाही. आई खाणं शोधायला गेलेली असते आणि दोन-तीन तासांत परत येते. लांबून पाहा. आई येत असेल तर आठ आठवडे होईपर्यंत तिला खायला घाला. दूध पाजणाऱ्या आईपासून तीन आठवड्यांचं पिल्लू ‘वाचवून’ नेणं हीच त्याच्या जिवावरची सगळ्यात मोठी जोखीम असते.

गल्लीतला मोठा कुत्रा घ्यायचा असेल तर त्याचा कान पाहा. कडेला व्ही आकाराची खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे. त्याला रोज खायला घालणाऱ्यांना आणि पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला कळवून मगच घरी न्या. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलं आहे की भटका कुत्रा दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करता येतो आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची राहते. ‘आणून पाहू, नाही जमलं तर सोडू’ याला जागा नाही.

सावधान: ‘मोफत दत्तक, फक्त गाडीभाडं आगाऊ पाठवा’ अशा जाहिराती, बहुतेक लॅब्राडोर किंवा हस्कीच्या फोटोसह, फसवणुकीच्या असतात. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.

## ४. घराची तयारी, कुत्रा येण्याच्या दोन दिवस आधी

पहिली गोष्ट बाल्कनी. ग्रिलच्या गजांतून तुमची मूठ आरपार जात असेल तर पिल्लाचं डोकंही जाईल. हिरवी जाळी दोरीने बांधून चालत नाही, ती दातांनी फाटते. तारेची जाळी लावा. मांजर आणणार असाल तर सगळ्या खिडक्यांना जाळी हवीच.

मग जमिनीवर बसून घर पाहा. चार्जरच्या वायरी, उंदराचं औषध, झुरळांची जेल, कचऱ्याचा उघडा डबा, खालच्या कप्प्यातल्या गोळ्या हे सगळं वर जायला हवं. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

जवळचा पशुवैद्य याच वेळी गाठा, कुत्रा आजारी पडल्यावर नको. रात्री कोणाचा दवाखाना उघडा असतो तेही विचारून नंबर फोनमध्ये ठेवा. मुंबईत परळला बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. तुमच्या शहरात काय आहे ते आजच पाहा.

आणायच्या वस्तू थोड्याच: गळ्याचा पट्टा, अंगाला बसणारा हार्नेस, दोन दोऱ्या, फोन नंबर कोरलेला बिल्ला, जड बुडाची पाण्याची वाटी, जुन्या चादरी, चावायची खेळणी. साखळी घेऊ नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याला विनाकारण फार वेळ आखूड साखळीने बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि बांधलेला कुत्रा चिडका होतो हे तर कोणीही सांगेल.

तपासा, हे फार महत्त्वाचं आहे: या घरात किंवा जिन्यात गेल्या वर्षभरात एखादं पिल्लू पार्व्होने गेलं का? हा विषाणू महिनोन्‌महिने जमिनीवर टिकतो आणि फिनाईलने मरत नाही. एक भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी या मिश्रणाने, आधी फरशी नीट धुऊन मग, सगळं पुसावं लागतं आणि ते दहा मिनिटं ओलं राहू द्यावं लागतं. अशा घरात लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्राच आणा.

## ५. आणण्याचा दिवस

सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी आणा, म्हणजे सोबत राहायला दोन-तीन दिवस मिळतात. दिवाळीचा आठवडा, घरातलं लग्न, घराचं रंगकाम या काळात आणू नका.

निघण्याआधी दोन-तीन तास पोटभर खायला देऊ नये, गाडीत उलटी होते. प्रवास कार किंवा रिक्षाने, पिल्लू मांडीवर चादरीत. दुचाकीवर पिशवीतून नको. मोठ्या कुत्र्याला दोन दोऱ्या लावा, एक पट्ट्याला आणि एक हार्नेसला. घाबरलेला कुत्रा मागे सरकून पट्ट्यातून डोकं काढून घेतो, तेव्हा हार्नेसची दोरी त्याला वाचवते. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा.

दत्तक कुत्रे हरवतात ते बहुधा पहिल्या काही दिवसांत, गाडीचं दार किंवा घराचं दार उघडताना. त्याला तुमचा पत्ता माहीत नसतो, तुमचा आवाजही नाही. ‘देशी आहे, येईल परत’ यावर विसंबू नका. घरी पोचेपर्यंत दोरी हाताला गुंडाळलेली असू द्या आणि गाडीचं दार उघडण्याआधी दोरी हातात आहे ना ते पाहा.

घरी गेल्यावर आधी शूची जागा दाखवा, मग एकच खोली. आंघोळ घालू नका. जवळजवळ प्रत्येक घर इथे चुकतं. कुत्रा रस्त्यावरून आला आहे, घाण आहे, म्हणून पहिल्याच तासात बाथरूममध्ये नेलं जातं. भेदरलेल्या जिवाला गार पाणी, शाम्पू आणि अनोळखी हात. त्याच्या मनात घराची पहिली ओळख ही होते, आणि पिल्लू असेल तर गारठून आजारी पडतं. ओल्या फडक्याने पुसा. आंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हा. डेटॉल तर कुत्र्याच्या अंगावर नकोच, मांजरासाठी ते विषारी आहे.

## ६. पहिले तीन दिवस: कमी करा

पाहुणे नकोत. शेजारची मुलं तीन दिवस थांबू शकतात. नव्या कुत्र्याला झोप, पाणी, खाणं आणि शी-शूसाठी ठरलेली एक जागा एवढंच हवं असतं. जमिनीवर त्याच्याकडे पाठ करून बसा, हातात काहीतरी खाऊ ठेवा, त्याला येऊ द्या. पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका.

रस्त्यावर वाढलेल्या मोठ्या कुत्र्याच्या दोन अडचणी कोणी सांगत नाही: फरशी आणि लिफ्ट. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय चारही बाजूंना पसरतात. तो एका जागी थरथरत उभा राहतो आणि लोकांना वाटतं हट्टी आहे. दारापासून पाण्याच्या वाटीपर्यंत सतरंज्या किंवा गोणपाटाचे तुकडे अंथरा, तो त्या वाटेने चालायला लागेल. लिफ्टमध्ये उचलून कोंबू नका. पहिल्या दिवशी उघड्या लिफ्टसमोर उभं राहून उकडलेल्या चिकनचा एक तुकडा द्या आणि परत फिरा. दुसऱ्या दिवशी तुकडा उंबऱ्यावर ठेवा. तो पुढचे दोन पाय आत टाकतो, मान लांब करून उचलतो आणि मागचे पाय बाहेरच ठेवतो. तेवढं त्या दिवसाला पुरे. चार पाय आत आले की दार बंद न करता बाहेर काढा. एक मजला जाणं त्याच्या पुढच्या दिवशी. तोवर जिना वापरा. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट टाळताच येत नसेल तर गर्दी नसलेल्या वेळी, कोपऱ्यात त्याच्या शेजारी उकिडवं बसून न्या.

रात्री पिल्लू रडेल. त्याला स्वयंपाकघरात कोंडू नका, तुमच्या पलंगाशेजारी खोक्यात झोपवा. हात खाली सोडून त्याला लागू दिला तरी बरेचदा शांत होतं.

मोठा कुत्रा पहिला दिवस न खाता काढू शकतो, घाबरू नका. पिल्लाने मात्र बारा तास काही खाल्लं नाही तर डॉक्टर.

## ७. डॉक्टर, लसी आणि जंत

पहिल्या दोन-तीन दिवसांत दवाखान्यात न्या, आणि वजन, ताप, हिरड्या, कातडी तपासून घ्या. घरी तुम्हालाही दोन गोष्टी पाहता यायला हव्यात. हिरडीवर बोट दाबा: पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा: लगेच बसली पाहिजे, तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालं आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागणं म्हणजे ताप नव्हे.

लसींचा साधारण क्रम असा. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना, नंतर दर तीन-चार आठवड्यांनी, वय सोळा आठवडे होईपर्यंत. रेबीजची बारा आठवडे पूर्ण झाल्यावर, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. जंताचं औषध लहानपणी दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर महिन्याने, सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी. आजारी किंवा ताप असलेल्या पिल्लाला लस देत नाहीत. डॉक्टर ‘आठवड्याने या’ म्हणाले तर ‘आत्ताच द्या’ असा आग्रह धरू नका.

सगळ्यात जास्त पिल्लं इथे दगावतात: एक इंजेक्शन झालं की लोक त्याला बागेत घेऊन जातात. एका डोसने संरक्षण पूर्ण होत नाही. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत जिथे इतर कुत्रे फिरतात त्या जमिनीवर पिल्लाचे पाय टेकवू नका. पण त्याला घरातही डांबू नका. तीन ते चौदा आठवडे हा त्याचं मन घडण्याचा काळ असतो. कडेवर घेऊन खाली न्या. रिक्षाचा आवाज, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, वॉचमनची काठी, कुकरची शिट्टी हे सगळं लांबून, शांतपणे, खाऊसोबत ओळखीचं होऊ द्या.

आणखी एक गैरसमज. ‘आणलं तेव्हा धडधाकट होतं, तुमच्याकडूनच आजार आला’ किंवा उलट ‘आमच्याकडे ठीक होतं’ यावरून दत्तक देणारे आणि घेणारे भांडतात. पार्व्होचा विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात, कधी दोन आठवडेही. पहिले चौदा दिवस नव्या पिल्लाला इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवा आणि रोज त्याची शी पाहा.

लगेच डॉक्टर, उद्या नाही: वारंवार उलट्या, रक्ताची किंवा अतिशय दुर्गंधी असलेली पातळ शी, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त, धड उभं न राहणं. पार्व्होमध्ये एक रात्रसुद्धा फार मोठी असते. घरी मीठ-साखरेचं पाणी पाजत बसू नका, उलटी थांबत नसेल तर सलाईनच लागतं.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड वाढतात. त्यांच्यामुळे होणारा ताप देशी कुत्र्यालाही मारतो, ‘देशी आहे, त्याला काही होत नाही’ हे खोटं आहे. रोज संध्याकाळी बोटांच्या मध्ये, कानाच्या आत, पट्ट्याखाली हात फिरवा. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका, हाताने चिरडू नका. औषध वजनाप्रमाणे डॉक्टरकडून घ्या. कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावलं तर मांजर मरू शकतं. खरजेवर गॅरेजमधलं जळकं ऑईल किंवा रॉकेल चोळायचा सल्ला अजूनही मिळतो. तो कोणीही दिला तरी ऐकू नका: कातडी भाजते, आणि कुत्रा ते चाटतो.

माणसांसाठी सूचना: लस न झालेल्या किंवा इतिहास माहीत नसलेल्या पिल्लाचा दात लागला, रक्त न येता ओरखडा आला, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. तिथे रेबीजची लस मोफत मिळते. तिखट, हळद, चुना काही लावू नका. ‘एवढंसं पिल्लू आहे’ म्हणून थांबलेले लोक रेबीजने गेले आहेत. एकदा लक्षणं दिसली की या आजारावर इलाज नाही.

## ८. शी-शू

पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा: साधारण तेवढे तास ते झोपेत फार तर धरू शकतं. दोन महिन्यांचं म्हणजे तीन तास. रात्री दोनदा उठावं लागेल, त्याला पर्याय नाही. दिवसा झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, या तीन वेळा न चुकता जागेवर न्या. जमिनीवर न्यायचं नाही तोवर ती जागा म्हणजे बाल्कनीतला कोपरा किंवा गच्ची, तिथे वर्तमानपत्र किंवा कृत्रिम गवत.

शिकवण्याचं काम बक्षिसाने होतं, आणि बक्षीस दोन सेकंदांत मिळालं पाहिजे. घरात येऊन डबा उघडेपर्यंत त्याला कळतच नाही की कशाबद्दल मिळालं. खाऊ खिशात घेऊनच जा.

नाक घासू नका, पेपरने मारू नका. यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे करतं, आणि खाली नेल्यावर तुमच्यासमोर अर्धा तास धरून ठेवतं. घरात झाली तर मुकाट्याने पुसा. फिनाईलने वास जात नाही, कुत्र्याला तो येतोच आणि ते पुन्हा तिथेच करतं. आधी कापडाने टिपून घ्या, मग पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं, किंवा त्यासाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर.

## ९. खाणं

पहिला आठवडा तो जे खात होता तेच. बदल करायचा असेल तर सात दिवसांत हळूहळू मिसळत. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोन वेळा.

दूध-पोळी हे आपल्याकडचं ठरलेलं खाणं, आणि पहिल्या आठवड्यातल्या जुलाबांचं ठरलेलं कारणही. गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही. पोळीने पोट भरतं पण वाढीला लागणारी प्रथिनं मिळत नाहीत. मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, भात, लाल भोपळा, अंडं, किंवा पिल्लांसाठीचं पाकिटातलं खाणं चांगलं. दिवसेंदिवस फक्त घरचं देणार असाल तर कॅल्शियम आणि बाकीचं प्रमाण डॉक्टरकडून लिहून घ्या. घर शाकाहारी असेल तर आधी डॉक्टरशी बोला: नीट बेतलेल्या शाकाहारी आहारावर कुत्रा राहू शकतो, मांजर राहू शकत नाही.

न द्यायचं: कांदा-लसूण (म्हणजे आपली आमटी आणि रस्सासुद्धा), चॉकलेट, शिजवलेली हाडं, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम, द्राक्षं आणि बेदाणे. सणावारी प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा प्रेमाने भरवला जातो. कुत्र्याची मूत्रपिंडं त्याने निकामी होऊ शकतात. घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगा.

## १०. परवाना, नसबंदी आणि पहिली दिवाळी

रेबीजची लस झाली की महानगरपालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना काढा. लसीचं प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो तयार ठेवा. परवान्याचं मुदतीत नूतनीकरण करायचं असतं. भांडण झालं तर पहिला प्रश्न परवान्याचाच येतो.

नसबंदी साधारण सहा महिन्यांना, नेमकी वेळ डॉक्टर ठरवतील. मादी पहिल्यांदा माजावर सहा महिन्यांनंतर कधीही येऊ शकते, आणि गाभण राहिली तर सुमारे ६३ दिवसांत पिल्लं होतात. ‘एकदा पिल्लं होऊ द्यावीत, मग करावी’ याला वैद्यकीय आधार नाही. लवकर केलेल्या नसबंदीने स्तनांच्या गाठींचा आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका खूप कमी होतो. शस्त्रक्रियेनंतर दहा ते चौदा दिवस गळ्यात कोन, म्हणजे टाके चाटता येऊ नयेत म्हणून घालायची शंकूसारखी कॉलर, ठेवा. दया येऊन लोक तो रात्री काढतात, आणि सकाळी टाके चाटून उघडलेले असतात.

दिवाळीत अंधार पडण्याआधी फिरवून आणा, खिडक्या लावा, आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. त्या दिवसांत रात्रंदिवस गळ्यात बिल्ला हवाच.

## ११. खरंच जमत नसेल तर

रुळायला वेळ लागतो. पहिले काही दिवस भीती, मग काही आठवडे तो तुम्हाला आजमावतो, आणि घर आपलं वाटायला साधारण तीन महिने जातात. दहाव्या दिवशी घेतलेला निर्णय बहुतेकदा दमलेल्या माणसाचा असतो. ज्यांच्याकडून घेतला त्यांना आधी फोन करा. अर्ध्या अडचणी फोनवर सुटतात.

तरीही नाही जमलं तर जिथून आणला तिथेच परत द्या. जुन्या गल्लीत, हायवेच्या ढाब्यावर किंवा ‘फार्महाऊसवर मजेत राहील’ म्हणून सोडू नका. पाळीव प्राणी टाकून देणं १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि घरात वाढलेला कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दीत फार काळ टिकत नाही. संस्थेला न विचारता ओळखीतल्या कोणाला परस्पर देऊ नका, अर्जावर तुम्ही तसं लिहून दिलेलं असतं.

परत देताना लसीचं पुस्तक, औषधांच्या चिठ्ठ्या, उरलेलं खाणं आणि त्याची चादर सोबत द्या. एका कागदावर त्याच्या खाण्या-फिरण्याच्या वेळा, तो कशाला घाबरतो, कोणाला चावला असल्यास कधी आणि कशामुळे, हे न लपवता लिहा. नवं घर मिळालं की पालिकेचा परवाना त्यांच्या नावाने होईल याचा पाठपुरावा करा, आणि बिल्ल्यावरचा तुमचा फोन नंबर बदलायला सांगा.